ज्याचं त्याचं अंतर

"ही किती लांब मारते?" आमच्या दुकानात शिरलेला नवा शिकारी रायफल हातात घेतली की पहिल्यांदा हेच विचारतो. वजन नाही, लाकूड नाही, किंमतसुद्धा नंतर. मला तो प्रश्न नकोसा होतो. मी स्वभावानेच काळजीखोर, गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून परत फिरणाऱ्यातली. अशा बाईने बंदुकांच्या दुकानात उभं आयुष्य काढावं हा विनोद कोणाला सुचला, ते मला अजून कळलेलं नाही.

दुकान जर्मनीत, कायझर्सलाउटर्नपासून जवळच, जंगलाच्या कडेला असलेल्या एका लहान गावात आहे. मी पुण्याहून इथे धातूंचा अभ्यास करायला आले आणि विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये येन्स भेटला. त्याच्या घरात आजोबांपासून बंदुका दुरुस्त करायचा आणि विकायचा धंदा. लग्न झाल्यावर मी दुकानात 'तात्पुरती' मदत करायला लागले, ती आजतागायत करतेय. पुढे रीतसर आउसबिल्डुंग, म्हणजे या कामाचं प्रशिक्षण, केलं, परीक्षा दिली, शिकारीचं लायसन्सही काढलं, कारण त्याशिवाय गिऱ्हाईक दोन वाक्यं ऐकून घेत नाही. जनावर मात्र मी कधी मारलं नाही. पुण्यात माझी आई लोकांना सांगायची, "जावयाचं हार्डवेअरचं दुकान आहे." तसं ते अगदीच खोटं नव्हतं.

माझे सासरे वाल्टर. पहिल्या दिवसापासून मी त्यांना बाबा म्हणत आले, आणि अर्थ कळल्यावर ते इतके खूश झाले की गावभर सांगत सुटले. जर्मनमध्ये आमच्यात 'दू' चालतं, म्हणजे सरळ तू. पण मराठीत लिहायला बसल्यावर सासऱ्यांना 'तू' लिहायला हात धजत नाही, म्हणून इथे मी त्यांना अहोजाहोच करणार आहे. ते वाचणार नाहीत, पण माझी आई वाचेल.

आता धंद्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इथल्या जंगलात मुख्यतः दोन प्रकारची हरणं. एक रे, आपल्या भेकराएवढं, नाजूक. दुसरं तांबडं हरीण, आपल्या सांबरासारखं, अंगाने थोराड. रानात वाघ-बिबटे नाहीत, त्यामुळे हरणं वाढत जातात आणि नवी रोपं खाऊन टाकतात, म्हणून किती मारायची हे ठरवून दिलेलं असतं. "पण मारायचीच कशाला गं?" हे पुण्यातून मला इतक्या वेळा विचारलं गेलंय की हल्ली मी एवढंच उत्तर देते आणि विषय बदलते.

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीची जाडी. पण नुसत्या जाडीवर काही ठरत नाही. काडतुसात दारू किती, गोळी किती जड, किती वेगाने जाते, या सगळ्याचा मिळून जोर होतो. रेसाठी कायदा सांगतो की शंभर मीटरवर गोळीत हजार जूल जोर शिल्लक पाहिजे. मोठ्या हरणासाठी दोन हजार, आणि गोळी साडेसहा मिलिमीटरपेक्षा बारीक नको. झाला कायदा. त्याहून मोठं कॅलिबर घ्यावं का, आणि किती लांबून गोळी मारावी, याबद्दल कायदा गप्प. तिथून पुढे ज्याची त्याची अक्कल, आणि आमची काळजी.

लोकांना वाटतं, मोठं कॅलिबर म्हणजे काम पक्कं. आमच्याकडे छपरं घालणारा एक कंत्राटदार यायचा, हेर श्टुंफ. आडदांड माणूस, आवाज पार रस्त्यापर्यंत. त्याला रेच्या शिकारीसाठी तीनशे मॅग्नम हवी होती, म्हणजे थोराड जनावरांसाठीची, खांद्याला जबर धक्का देणारी रायफल. मी म्हटलं, हेर श्टुंफ, रे आहे, रेडा नाही. अर्थात जर्मनमध्ये ते तितकंसं रंगलं नाही. त्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि विचारलं, "दुकानात कोणी पुरुष नाही का?"

मागच्या खोलीतून बाबा बाहेर आले. "आहे," म्हणाले, "पण तो हिलाच विचारतो."

मग आम्ही त्याला नेमबाजीच्या रेंजवर नेलं. त्याने त्या मॅग्नमने तीन गोळ्या मारल्या, तिन्ही खाली डावीकडे. चौथ्या वेळी बाबांनी त्याच्या नकळत नकली काडतूस भरलं, आत दारूच नसलेलं. त्याने चाप ओढला, नुसतं 'टक्' झालं, आणि एवढ्या मोठ्या माणसाने डोळे गच्च मिटून नळी खाली दाबलेली सगळ्यांना दिसली. धक्क्याच्या भीतीने अंग आधीच आकसतं, आणि गोळी सुटायच्या आत नेम गेलेला असतो. तो रागावेल म्हणून मी आधीच धास्तावले होते. पण तो स्वतःच हसायला लागला आणि म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, माझी बायको म्हणतेच मी भित्रा आहे." साडेसहाची, हलक्या धक्क्याची रायफल घेऊन गेला. अजून दर नाताळात केक पाठवतो.

सगळीच प्रकरणं केकवर संपत नाहीत. फ्राऊ केलर आमचं जुनं गिऱ्हाईक, गावातली बेकरी तिची. हात स्थिर, स्वभाव शांत, मला तिची कधी धास्ती वाटली नव्हती. मध्यंतरी आमच्या भागात शिशाच्या गोळ्यांऐवजी तांब्याच्या वापरायला लागल्या, कारण शिशाचे कण मांसात राहतात. तिने दुसऱ्या गावाहून तांब्याच्या गोळ्यांचा डबा आणला. कॅलिबर तेच, म्हणून रायफल तपासून न घेता तशीच जंगलात गेली. आता, गोळी बदलली की तीच रायफल दुसरीकडे मारते. कधी बोटभर, कधी वीतभर. शिवाय तांब्याची गोळी वेगात असली तरच आत शिरल्यावर फुलते. लांबवर जाऊन वेग कमी झाला की ती दाभणासारखी आरपार निघते, आणि जनावर धावत सुटतं.

तिचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. आमच्याकडे जेवताना फोन आला की आधी कुत्री उठते. आल्मा तिचं नाव. जखमी जनावराचा माग काढणं हे तिचं काम, आणि येन्स तिच्याबरोबर जातो. जखमी हरणाच्या मागे लगेच धावायचं नसतं. पाठलाग झाला की ते जीव तोडून पळतं आणि कुठेतरी काट्याकुट्यात तळमळत राहतं. थांबायचं, त्याला पडू द्यायचं. मग ते जिथे उभं होतं ती जागा शोधायची, रक्ताचा रंग बघायचा. फेसाळ, लालभडक असेल तर फुफ्फुस, फार लांब गेलं नसणार. काळपट असेल तर यकृत. हिरवट घाण असेल तर पोट, आणि मग जनावर तासन् तास मरत नाही.

त्या वेळी हिरवट होतं. हरीण दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं, जिवंत. येन्स घरी आला आणि बूट न काढता पायरीवर बसून राहिला. फ्राऊ केलरने त्यानंतर रायफल परत कपाटाबाहेर काढली नाही. "माझ्या हातून झालं," एवढंच म्हणाली. मी तिला किती समजावलं, पण ती पाव बांधत राहिली. आमच्याकडून घेतला असता डबा तर मी तिला तपासल्याशिवाय जाऊ दिलं नसतं, हे मनातून अजून जात नाही.

म्हणूनच 'किती लांब' या प्रश्नावर आमच्या दुकानाचा एक रिवाज आहे. तो बाबांनी सुरू केला. बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात ना, ती पुठ्ठ्याची गोल पांढरी चकती, ती रेंजवर टाचायची. रेच्या काळजाची जागा साधारण तेवढीच. मग गिऱ्हाइकाने रेंजमागची टेकडी धावत चढून उतरायची, छाती धडधडत असतानाच रायफल उचलायची आणि पाच गोळ्या मारायच्या. एकही बाहेर गेली की चकती जवळ आणायची. ज्या अंतरावर पाचही आत बसतील, ते त्या माणसाचं अंतर. बाबा ते चकतीवर पेनाने लिहून द्यायचे. "रायफल तीनशे मीटर मारते," ते म्हणायचे, "तुम्ही सत्तर." दोघं-तिघं चिडून गेले, बाकीच्यांनी चकत्या घरी भिंतीवर लावल्या. गावच्या बिअर पिणाऱ्यांपेक्षा आम्हीच त्या चकत्या जास्त संपवल्या असतील.

आणि मग बाबांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी कॉफी कपाच्या बाहेर ओतली जायला लागली. मग रायफलवर दुर्बीण बसवताना मला हाक यायला लागली, "जरा ये गं, सरळ बसली का बघ." वय झालं की डोळ्याच्या पडद्याचा जो आजार होतो तो. कडेचं दिसत राहतं, मधलं पुसट होत जातं. डॉक्टर डोळ्यात इंजेक्शनं देत होते. बाबा म्हणायचे, चांगल्या उजेडात मला सगळं दिसतं.

मे महिना आला की रेच्या नरांचा हंगाम सुरू होतो. बाबांनी ऐंशीच्या घरात आल्यावरही तो हंगाम कधी चुकवला नव्हता. रायफल साफ करायला काढलेली बघितली आणि माझी झोप उडाली. मला एकच भीती. त्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना अंतर शिकवलं. त्यांच्या हातून एक जनावर अर्धवट जखमी होऊन गेलं, येन्स आल्माला घेऊन आपल्याच बापाच्या गोळीचा माग काढत हिंडला, तर बाबा त्यातून उठणार नाहीत. फ्राऊ केलर पाव बांधत तरी राहिली. यांना दुसरं काहीच नव्हतं.

"तू सांग त्यांना," मी येन्सला म्हटलं.

"मी सांगितलं तर भांडण होईल. तुझं ऐकतात ते."

"वडील तुझे."

"तेच ना, म्हणून तर," येन्स म्हणाला आणि कुत्रीला घेऊन बाहेर गेला. पुरुष कुठल्याही देशाचे असोत, अशा वेळी त्यांना कुत्रं फिरवायचंच असतं.

शेवटी मी एका सकाळी नाश्त्याला चकती आणून बाबांच्या ताटलीशेजारी ठेवली. त्यांनी चकतीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता उठून जातील.

"मी टेकडी चढणार नाही," ते म्हणाले. "छाती तशीही धडधडतेय."

आम्ही दोघंच गेलो. ऊन छान पडलं होतं. शंभर मीटरवर पाचातली एकही चकतीला लागली नाही. पन्नासवर तीन आत, दोन बाहेर. मी चकती जवळ आणत गेले आणि प्रत्येक वेळी मला आपण काहीतरी फार वाईट करतोय असं वाटत होतं. चाळीसवर पाचही आत बसल्या. नीट, एकमेकींना चिकटून. बाबांनी पेन मागितलं आणि स्वतःच आकडा लिहिला.

"चाळीस मीटरवर कोण येतं, बाबा?" मी म्हटलं. "त्याला वास येतो आपला. राहू दे ना यंदा."

"आला तर आला. चाळीसच्या पुढे मी मारणार नाही. आणि तू बरोबर चल, मीटर तू सांग. मग तर झालं?"

झालं काय, डोंबल. पण चकतीचा रिवाज त्यांचाच, आणि त्या रिवाजाप्रमाणे त्यांचं अंतर निघालं होतं. मी नाही म्हणायचं कशावर? त्या आठवड्यात मला भाजीत मीठ घातलं की नाही हेही आठवत नव्हतं. निघताना बघितलं तर येन्सने आल्माचा माग काढायचा लांब पट्टा दाराशी काढून ठेवला होता.

मचाण कुरणाच्या कडेला होतं, लाकडी, चढायला शिडी. समोर उताराचं गवत, मागे मातीचा उंचवटा, म्हणजे गोळी चुकली तरी मातीत जाईल. संध्याकाळ होती. बाबांची रायफल एकाच गोळीची, मधून मोडून भरायची. त्यांना दुसरी कधी चाललीच नाही. मी अंतर मोजायची दुर्बीण डोळ्याला लावून बसले होते आणि मनात एकच घोकत होते, आज येऊ नकोस हरणा, आज तू येऊच नकोस.

तो आला. रानाच्या कडेतून आधी डोकं, मग सगळाच. चांगला वयस्क नर, मान जाड, शिंगं कानांच्या वर.

"आला," मी पुटपुटले. "डावीकडे, मोठ्या ओकच्या खाली. ब्याण्णव."

बाबांनी रायफल कठड्यावर टेकवली आणि नळी सावकाश डावीकडे वळवली. नर चरत चरत पुढे यायला लागला. ऐंशी, मी म्हटलं. एकाहत्तर. दुर्बिणीतले आकडे नाचत होते. अठ्ठावन्नवर तो पूर्ण आडवा उभा राहिला, खांदा आमच्याकडे, अगदी पुस्तकात दाखवतात तसा. आमची निम्मी गिऱ्हाइकं त्या क्षणी चाप ओढून मोकळी झाली असती. बाबा हलले नाहीत. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी वाटत होतं की देवा, हा पुढे न येता परत फिरू दे.

"किती?" बाबांनी विचारलं.

"त्रेचाळीस."

मी साठ म्हटलं असतं तर त्यांना कळलं नसतं. माझ्या मनात ते आलं होतं. पण त्यांनी मला मीटर सांगायला आणलं होतं, फसवायला नाही. नर जरा थांबला, मग आणखी पुढे आला. वारा आमच्याकडे होता, त्याला काही पत्ता नव्हता. बाबांनी अंगठ्याने स्प्रिंगचा खटका पुढे ढकलला. आता रायफल तयार होती.

"अडतीस," मी म्हटलं. "आडवा आहे."

मी कान झाकायला हवे होते, तेही विसरले. श्वास धरून बसले. नर मान खाली घालून चरत होता. गोळी सुटली नाही. मी दुर्बीण काढून बाबांकडे पाहिलं. गाल लाकडाला टेकलेला, बोट चापाच्या बाहेर. मग त्यांनी खटका हळूच मागे सोडला.

"मला तो दिसत नाहीये," ते म्हणाले.

"गवताआड गेला का? थांबा, तो..."

"नाही गं. पहिल्यापासूनच. तू ब्याण्णव म्हणालीस तेव्हापासून शोधतोय. गवत दिसतंय, कडा दिसतात. मध्ये काही नाही."

रेंजवर भर उन्हात पांढरी चकती होती, आणि इथे संध्याकाळच्या सावलीत तपकिरी जनावर. इतकी माणसं आम्ही त्या चकतीवर तपासली, हात तपासला, छाती तपासली, आणि ती पांढरी आहे हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. खटका पुढे गेला तेव्हा ते नुसत्या माझ्या शब्दांच्या भरवशावर नेम धरत होते.

बाबांनी रायफल मोडून काडतूस बाहेर काढलं आणि खिशात टाकलं. मी त्यांचा हात धरला. तो माझ्या हातापेक्षा गार होता.

"आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"सांग मग. कसा आहे?"

मी दुर्बीण परत डोळ्याला लावली आणि कुजबुजत सांगायला लागले. थंडीतले करडे केस गळतायत, मानेवर अजून थोडे आहेत, खालून तांबूस अंग निघालंय. शिंगं काळपट, टोकं पांढरी. उजव्या कानाला चीर आहे. बाबांनी मधेच विचारलं, जुनी का नवी, मी म्हटलं जुनी, भरलेली. चालताना पुढचा पाय जरा जपून टाकतो. आता फुलं सोडून नुसता कोवळा पाला खातोय. बाबा डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग नराने मान वर केली आणि थेट आमच्याकडे पाहिलं. मी तेही सांगितलं.